कुंपणानेंच शेत खाल्लें

शेतांत गुरें शिरलीं तर धनी काठी घेऊन धांवतो. चोर शिरला तर राखणदार हाकाटी करतो. परंतु ज्या कुंपणाच्या भरंवशावर धनी निर्धास्त निजतो तें कुंपणच शेत खाऊं लागलें, तर दाद मागावयाची कोणाकडे ? आपल्या पूर्वजांनीं हा प्रश्न म्हणींत घालून ठेवला आहे, त्या अर्थीं तो त्यांस अनुभवानें ठाऊक असला पाहिजे. राजाच्या दरबारांत किंवा सरकारच्या कचेरींत बसून परक्या सत्तेची चाकरी करणारा मनुष्य ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. दोन धन्यांचा पगार खाणाऱ्या अशा माणसास कौटिल्यानें 'उभयवेतन' असें नांवच देऊन ठेवलें आहे. नवल आहे तें एवढेंच कीं, इतकी जुनी विद्या हाताशीं असतांना प्रत्येक राज्य प्रत्येक वेळीं जणूं पहिल्यानेंच फसावें तसें फसतें.

या प्रकारचें एक उदाहरण इतकें ठसठशीत आहे कीं, त्यापुढें कादंबरी फिकी पडावी. तें घडलें व्हिएन्ना शहरीं, १९१३ सालीं. त्या काळीं मध्य युरोपांत ऑस्ट्रिया-हंगेरीचें विस्तीर्ण साम्राज्य होतें. वृद्ध सम्राट फ्रान्झ योझेफ १८४८ पासून गादीवर होता. जर्मन, माग्यार, झेक, पोल, युक्रेनियन, क्रोट, स्लोव्हाक, रुमानियन, इटालियन असे नाना भाषा बोलणारे लोक एका छत्राखालीं राहत होते, आणि त्या सर्वांना एकत्र ओवणारा धागा म्हणजे सम्राटाची गादी व सम्राटाचें सैन्य. पूर्वेस रशियाचें बलाढ्य राज्य पसरलेलें. बाल्कन प्रदेशावर वर्चस्व कोणाचें, या वादांत हे दोन शेजारी कित्येक वर्षें एकमेकांकडे डोळे वटारून पाहत होते. १९१२ च्या ऑक्टोबरांत बाल्कन युद्ध पेटलें आणि दोघांनींही सरहद्दीवर फौजा वाढविल्या. उद्यां लढाई जुंपली तर कोणती पलटण कोणत्या आगगाडीनें कोठें उतरावयाची, कोणत्या किल्ल्यावर किती तोफा, हें सारें दोन्हीं राजधान्यांत कागदावर आंखून तिजोरींत कुलूपबंद ठेवलेलें होतें. त्या कागदांचें मोल किती, हें निराळें सांगावयास नको.

व्हिएन्ना येथें या गुप्त कामासाठीं जें लष्करी खातें होतें त्याचें नांव एविडेन्झब्यूरो. १८५० सालीं तें स्थापन झालें. युरोपांतील कायमच्या लष्करी हेरखात्यांत तें अगदीं पहिल्यांपैकीं एक होय. परराज्यांतील बातम्या मिळविणें आणि परराज्यांचे हेर स्वराज्यांत शिरूं न देणें हीं त्याचीं दोन कामें. दुसऱ्या कामांत ज्या अधिकाऱ्याचा हात धरणारा कोणी नव्हता, त्याचें नांव आल्फ्रेड रेड्ल.

रेड्लचा जन्म १४ मार्च १८६४ रोजीं लेम्बर्ग येथें झाला. हेंच आजचें युक्रेनमधील ल्विव शहर. बाप रेल्वेंत साधा नोकर. घरांत मुलें पुष्कळ आणि पैसा बेताचा. त्या काळच्या ऑस्ट्रियन सैन्यांत वरच्या जागा बहुधा उमराव घराण्यांतील मुलांच्या वांट्यास यावयाच्या. रेड्लपाशीं ना किताब, ना जहागीर. होती ती केवळ तैलबुद्धि, भाषांची आवड आणि अखंड कष्ट करण्याची तयारी. कॅडेटांच्या शाळेंतून तो सैन्यांत आला, कठीण परीक्षा देऊन व्हिएन्नाच्या युद्धविद्यालयांत शिरला आणि तेथून जनरल स्टाफमध्यें त्याची निवड झाली. रशियन भाषा शिकण्यासाठीं १८९९ सालीं सरकारनें त्याला रशियांतील कझान येथें पाठविलें. १९०० सालीं तो एविडेन्झब्यूरोंत रुजू झाला. रेल्वेच्या नोकराचा मुलगा साम्राज्याच्या अगदीं आंतल्या दालनांत येऊन बसला. स्वतःच्या गुणांवर वर चढलेल्या माणसाचें जें कौतुक होतें, तें रेड्लचें मनसोक्त झालें आणि त्या वेळीं तें अस्थानीं होतें असेंही म्हणतां येणार नाहीं.

कारण रेड्लनें खात्याचें रूप पालटून टाकलें. त्याच्या खोलींत येणाऱ्या पाहुण्याचा फोटो त्याला नकळत घेतला जाई. पाहुण्यापुढें सरकविलेल्या वस्तूवर बारीक भुकटी पसरलेली असे, तिच्यावर बोटांचे ठसे उमटत. बोलणें चालू असतां शेजारच्या खोलींत तबकडीवर आवाज उतरून घेण्याची योजना केलेली असे. संशयितांची नोंद, त्यांचे फोटो, त्यांचें हस्ताक्षर, त्यांची येजा यांचीं दप्तरें त्यानें शिस्तीनें लावलीं. हेरगिरीच्या खटल्यांत तज्ज्ञ म्हणून न्यायासनापुढें त्याचीच साक्ष होई. लेम्बर्ग येथील हेकाइलो नांवाच्या लष्करी न्यायखात्यांतील अधिकाऱ्यावर रशियाला गुपितें विकल्याचा खटला झाला, त्यांतही रेड्लच पुढें होता. तरुण अधिकाऱ्यांसाठीं त्यानें या विद्येचे धडे लिहून काढले. त्याच्या हाताखालीं तयार झालेल्यांपैकीं माक्स रोंगे नांवाचा अधिकारी पुढें त्याच्याच जागेवर आला. हें नांव लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आणि हाच रेड्ल रशियाचा हेर होता.

तो केव्हां विकला गेला याविषयीं दोन मतें आहेत. जुन्या हकीकतींत हा काळ १९०३ च्या आसपासचा धरलेला आढळतो. अलीकडील संशोधकांचा कल तो १९०७ च्या सुमाराकडे आणण्याचा आहे. परंतु वर्षाचा हिशेब बाजूस ठेवला तरी कामाची पद्धत स्पष्ट दिसते, आणि तिचें साधेपण हेंच तिच्यांतील मर्म आहे. बाहेरून येणाऱ्या हेराला भिंत ओलांडावी लागते, पहारेकऱ्याची नजर चुकवावी लागते, कारकुनास वश करावें लागतें. आंतल्या माणसाला यांतलें कांहींच करावें लागत नाहीं. कागद मागविणें हाच त्याचा अधिकार असतो. उशिरांपर्यंत कचेरींत बसणें हा त्याचा कर्तव्यदक्षपणा ठरतो. परक्या राज्याच्या माणसांशीं गांठीभेटी हें तर त्याचें कामच. सैन्य जमविण्याच्या योजना, किल्ल्यांचे नकाशे, गुप्त हुकूम हें सर्व रेड्ल आपल्या घरीं नेई, कॅमेऱ्यानें त्यांचे फोटो घेई आणि मूळ कागद जागच्या जागीं परत ठेवून देई. तिजोरींतून एक कपटाही कमी होत नसे. चोरी झाली तरी ऐवज जागेवरच, अशी ही चोरी. त्यानें हा माल रशियालाच नव्हे, तर इटली व फ्रान्स यांनाही पुरविला, असें आतां मानलें जातें.

याहून भयंकर गोष्ट निराळीच होती. कोणत्या परक्या हेराविषयीं खात्याला संशय आला आहे, हें रेड्लला सर्वांच्या आधीं कळे. तक्रार आली तर ती त्याच्याच टेबलावर यावयाची. फितूर कोण याचा तपास करावयाचा झाला तर तो त्याच्याच देखरेखीखालीं व्हावयाचा. चोराच्या हातीं जामदारखान्याच्या किल्ल्या देणें म्हणतात तें याहून निराळें काय असणार ?

तरीही डोळे उघडे ठेवणाऱ्याला कांहींच दिसलें नसतें असें नाहीं. रेड्लचें राहणें त्याच्या पगाराच्या कितीतरी पलीकडचें होतें. त्या काळीं धनिकांनाच परवडणारी मोटार तो बाळगी; उंची पोषाख, उंची मद्यें, सजविलेलें घर. एका तरुण घोडेस्वार अधिकाऱ्यावर त्याचा जीव जडला होता. त्या तरुणासाठींही तो हात सैल सोडून खर्च करी. कोणी सहज विचारलेंच तर वारशाचा पैसा मिळाला आहे असें उत्तर मिळे आणि विचारणारा गप्प बसे. शेंकडों माणसांच्या मिळकतीची आणि खर्चाची झडती घेणाऱ्या खात्यानें आपल्याच एका मोठ्या अधिकाऱ्याच्या वहीखात्याकडे कधीं पाहिलें नाहीं. सभ्य माणसानें सभ्य माणसाला पैशाचा प्रश्न विचारावयाचा नसतो, हा त्या वर्गाचा शिष्टाचार होता; आणि या शिष्टाचाराच्या आडून साम्राज्याचीं गुपितें बाहेर जात राहिलीं.

१९१२ सालीं रेड्ल कर्नल झाला. त्याचा जुना वरिष्ठ जनरल गीस्ल याच्याकडे प्राग येथील आठव्या कोरचें आधिपत्य आलें होतें. त्याच्या स्टाफचा प्रमुख म्हणून रेड्ल प्रागला गेला. व्हिएन्नाच्या कचेरींत त्याचें काम आतां माक्स रोंगे पाहूं लागला. रेड्लच्या डोक्यावरचें छत्र अशा रीतीनें नकळत हललें. ज्या जागेवर बसून स्वतःविषयींचा संशय स्वतःच दाबतां येत होता, ती जागा सुटली.

१९१३ च्या वसंत ऋतूंत व्हिएन्नाच्या मुख्य टपाल कचेरींत एक पत्र येऊन पडलें होतें. पत्ता : निकॉन निझेटास, पोस्टांत ठेवणें, मालक येऊन घेऊन जाईल. मालक कांहीं आला नाहीं. मुदत संपल्यावर नियमाप्रमाणें पत्र जर्मनींत परत गेलें, कारण त्यावर रशियाच्या सरहद्दीजवळील आइड्टकुनेन या जर्मन गांवचा शिक्का होता. जर्मन हेरखात्यानें तें उघडलें. आंत सहा हजार क्रोन आणि परदेशांतील असे पत्ते, जे हेरगिरीचे अड्डे म्हणून जर्मन अधिकाऱ्यांना आधींच ठाऊक होते. जर्मनी व ऑस्ट्रिया मित्र. तेव्हां पत्र गुपचूप व्हिएन्नास पोहोंचतें झालें. 'निझेटास' कोण हें कोणालाच माहीत नव्हतें. रोंगेनें पाळत बसविली. पुढें त्याच नांवानें आणखीही पत्रें आलीं. फ्लाइशमार्क्ट रस्त्यावरील टपाल कचेरीच्या खिडकीपासून जवळच्या एका खोलीपर्यंत विजेच्या घंटीची तार ओढली. खोलींत गुप्त पोलीस बसून राहिले. पत्र मागावयास कोणी आला कीं कारकुनानें बटण दाबावयाचें. दिवस गेले, आठवडे गेले, घंटी वाजेना.

शनिवार, २४ मे १९१३. संध्याकाळचे सहा वाजण्याच्या सुमारास ती वाजली.

यापुढील रात्रीची हकीकत अनेकांनीं अनेक प्रकारें लिहिली आहे आणि सांगणाऱ्यागणिक तिच्यावर थोडाबहुत मुलामा चढला आहे. परंतु प्रसिद्ध हकीकतींचा सारांश असा : पोलीस धांवत पोहोंचेपर्यंत तो गृहस्थ पत्रें घेऊन भाड्याच्या मोटारींत बसून निघून गेला होता. त्यांनीं गाडीचा शोध लावला. गाडींत बसण्याच्या जागेवर चाकूचें एक लहानसें म्यान पडलेलें होतें. मोटारवाल्याच्या जबानीवरून माग काढीत ते हेरेनगास रस्त्यावरील क्लोमझर हॉटेलांत आले. तें म्यान दरवानाकडे देण्यांत आलें आणि कोणा पाहुण्याचें हरवलें आहे काय, अशी चौकशी करण्यास सांगितलें. थोड्या वेळानें जिन्यावरून एक गृहस्थ उतरला. दरवानानें विचारतांच, होय, माझेंच, असें म्हणून त्यानें म्यान हातीं घेतलें. तो प्रागहून मोटारनें आलेला, एक नंबरच्या खोलींत उतरलेला कर्नल रेड्ल होता. पोलीस त्याला चांगले ओळखत होते. त्यांना हेर पकडावयास त्यानेंच शिकविलें होतें.

टपालांतील चिठ्ठीवरचें अक्षर ताडून पाहण्यास वेळ लागला नाहीं. रेड्लच्या हातचीं टिपणें रोंगेच्या कचेरींत होतींच. गुरूची विद्या शिष्यानें गुरूवरच चालविली.

रेड्ललाही आपल्यावर पाळत आहे हें उमगलें होतें. त्या रात्रीं तो ज्या मित्राबरोबर जेवला, तो हेरगिरीच्या खटल्यांत त्याच्या बरोबरीनें काम केलेला मोठा सरकारी वकील होता. नीट न सांगतां, तुटक तुटक बोलत त्यानें मित्रापाशीं आपण संकटांत असल्याची कबुली दिली. इकडे सेनेचा मुख्य स्टाफ अधिकारी कोन्राड फॉन हॉट्झेनडॉर्फ यास बातमी पोहोंचली. हा मनुष्य शूर होता, हुशार होता. पण या क्षणीं त्याच्यापुढें सैन्याच्या अब्रूखेरीज दुसरें कांहीं उरलें नाहीं. बाहेर कळतां कामा नये, एवढाच विचार त्यानें केला. मध्यरात्रीच्या सुमारास चार अधिकारी हॉटेलांत गेले. त्यांत एविडेन्झब्यूरोचा प्रमुख उर्बान्स्की होता आणि रोंगेही होता. रेड्लनें फारसें नाकारलें नाहीं. पुरावा प्रागच्या घरीं सांपडेल असें सांगितलें. थोडे प्रश्न झाले, थोडीं उत्तरें मिळालीं. मग त्याच्यासाठीं एक पिस्तूल ठेवून ते बाहेर पडले आणि रस्त्यावर वाट पाहत उभे राहिले. २५ मेच्या पहाटे रेड्ल मृत आढळला. आपल्या बेफिकिरीनें व वासनांनीं आपला घात केला, अशा अर्थाच्या दोन ओळी त्यानें मागें ठेवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशीं वृत्तपत्रांना सांगण्यांत आलें कीं, एका कर्तबगार अधिकाऱ्यानें अतिश्रम व निद्रानाश यांमुळें आत्महत्या केली. लष्करी इतमामानें अंत्यविधि करण्याचीही भाषा चालू होती. सर्व कांहीं झांकलें गेलें असें वाटलें.

परंतु झांकण टिकलें नाहीं. प्रागमध्यें रेड्लच्या घराची झडती घ्यावयाची, तर किल्ल्या नव्हत्या. कुलुपें उघडण्यासाठीं कारागीर बोलवावा लागला. 'बोहेमिया' या प्रागच्या वृत्तपत्राचा तरुण बातमीदार एगॉन एर्विन कीश यानें पुढें १९२४ सालीं पुस्तक लिहिलें, त्यांत तो सांगतो कीं, हा कारागीर त्याच्याच फुटबॉल संघांतला खेळाडू होता. रविवारच्या सामन्याला तो कां आला नाहीं हें विचारतां विचारतां सारें बाहेर पडलें. ही कहाणी इतकी चटकदार आहे कीं संशोधकांना तिच्यावर पुरता विश्वास ठेवणें जड जातें. एवढें मात्र खरें कीं, 'बोहेमिया'नें मोठ्या चातुर्यानें बातमी छापली. कर्नल रेड्ल यानें गुपितें विकलीं ही वदंता निराधार असल्याचें कळविण्याची वरिष्ठांची विनंती आहे, असा त्या मजकुराचा रोख होता. इन्काराच्या वेषांत आलेली बातमी वाचकांनीं बरोबर ओळखली. आठवडा संपण्यापूर्वींच लष्करी पत्राला गुन्हा कबूल करावा लागला. लोकप्रतिनिधि प्रश्न विचारूं लागले. गादीचा वारस फ्रान्झ फेर्डिनांड संतापला. तो धर्मनिष्ठ कॅथलिक. माणसाला स्वतःच्या हातानें मरण्यास भाग पाडणें हें त्याला पाप वाटलें. शिवाय, ज्याच्या पोटांत सर्व गुपित होतें त्याला बोलतें करण्याआधींच मरूं दिलें, हा मूर्खपणाही त्याला दिसत होता. थोड्याच काळानें उर्बान्स्कीला आपली जागा सोडावी लागली.

वारसाचा हा दुसरा राग अगदीं रास्त होता. रेड्लनें नेमकें काय काय दिलें, कोणाला दिलें, कोणाकोणाचीं नांवें उघड केलीं, त्याचे साथीदार कोण, या प्रश्नांचीं उत्तरें त्या पहाटे त्याच्याबरोबर गेलीं. महिनाभर तुरुंगांत ठेवून शांतपणें तपास केला असता तर अब्रू गेली असती हें खरें; पण कोणता कागद शत्रूच्या हातीं आहे आणि कोणता नाहीं, हें तरी कळलें असतें. अब्रू वांचविण्यासाठीं माहितीचा बळी दिला, आणि चार दिवसांत अब्रूही गेली. आजाराचें नांव वैद्याला सांगण्याची लाज वाटून रोग्यानें नाडीच दाखवूं नये, असा हा प्रकार झाला.

पुढें चौदा महिन्यांनीं महायुद्ध सुरू झालें. गॅलिशियांत ऑस्ट्रियन सैन्याचा दारुण पराभव झाला. रेड्लचें जन्मगांव लेम्बर्ग ३ सप्टेंबर १९१४ रोजीं रशियनांनीं घेतलें. प्झेमिश्लचा प्रचंड किल्ला २२ मार्च १९१५ रोजीं पडला. तेव्हां लोक म्हणूं लागले, हें सारें रेड्लनें केलें. या आरोपांत तथ्य आहे, पण तें लोकांना वाटलें तेवढें नाहीं. रेड्ल उघडकीस आल्यावर योजनांत फेरफार करण्यास सेनेला वर्षाहून अधिक अवधि मिळाला होता. शिवाय १९१४ च्या ऑगस्टांत कोन्राडनें आपल्या फौजेचा एक मोठा भाग आधीं सर्बियाकडे धाडला आणि मग रशियाकडे वळविला. त्या धरसोडींत तो दोन्हींकडे वेळेवर उपयोगीं पडला नाहीं. ही चूक कोणा हेरानें केली नव्हती. परंतु मेलेल्या फितुरावर सर्व दोष लोटणें सोयीचें असतें. जिवंतपणीं रेड्लनें खात्याचीं गुपितें बाहेर नेलीं. मेल्यावर सेनापतींच्या चुका आपल्या तिरडीवर बांधून नेल्या.

मनुष्य असा कां विकला जातो ? कौटिल्यानें अमात्यांची परीक्षा घेण्याच्या चार कसोट्या सांगितल्या आहेत : धर्म, अर्थ, काम आणि भय. यांना त्यानें 'उपधा' म्हटलें आहे. म्हैसूर येथें शामशास्त्र्यांनीं अर्थशास्त्राची संस्कृत प्रत १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केली, तेव्हां रेड्ल व्हिएन्नांत कीर्तीच्या शिखरावर होता. हा योगायोग खरा. पण ग्रंथ आणि मनुष्य एकमेकांना कसे लागू पडतात हें पाहण्यासारखें आहे. जुन्या हकीकतींत रेड्लच्या बाबतींत भयावर सर्व भर दिलेला असतो. पुरुषाचें पुरुषावर प्रेम त्या राज्यांत कायद्यानें गुन्हा होता. रशियनांनीं तें हेरलें आणि उघड करण्याचा धाक घालून त्याला जाळ्यांत ओढलें, अशी ती कथा. व्हेरेना मोरित्झ व हानेस लाइडिंगर या ऑस्ट्रियन संशोधकांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या कथेला आधार मिळत नाहीं असें दाखविलें. त्यांच्या तपासाचा रोख सरळ पैशाकडे जातो : रेड्लला श्रीमंतांत श्रीमंतासारखें जगावयाचें होतें, आणि त्याच्यापाशीं विकण्याजोगी एकच वस्तु होती. धाकाची कथा लोकांना अधिक पटली याचें कारणही समजण्यासारखें आहे. फितुराचा दोष एका निराळ्या स्वभावाच्या माणसावर घातला कीं बाकीच्यांना आपण सुरक्षित असल्याचें समाधान मिळतें. परंतु धनलोभ सर्वांच्या घरीं येजा करतो, म्हणून त्याचें नांव घेणें कोणालाच रुचत नाहीं.

रेड्लपासून राज्यांनीं धडा घेतला काय ? ब्रिटिश गुप्तहेर खात्यांत १९४४ सालीं सोव्हिएत हेरांचा बंदोबस्त करण्यासाठीं जी शाखा होती, तिच्या प्रमुखपदीं किम फिल्बी आला. तो स्वतःच सोव्हिएत हेर होता आणि १९६३ च्या जानेवारींत बैरुटहून निसटून मॉस्कोस गेला. अमेरिकेच्या सी. आय. ए. मध्यें सोव्हिएत हेरांवर नजर ठेवण्याच्या कामावर असलेला आल्ड्रिच एम्स हा १९८५ च्या एप्रिलांत आपण होऊन सोव्हिएत वकिलातींत गेला. त्यानें दिलेल्या नांवांमुळें निदान दहा माणसें प्राणांस मुकलीं. त्याला पंचवीस लक्ष डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली. त्यानें रोख पैसे मोजून घर घेतलें, कचेरींत येण्यासाठीं जग्वार मोटार घेतली, आणि बायकोच्या माहेरचे लोक सधन आहेत असें सांगितलें. तो पकडला गेला २१ फेब्रुवारी १९९४ रोजीं. त्याच देशाच्या एफ. बी. आय. मधील रॉबर्ट हॅन्सन हा मधून मधून थांबत वीसाहून अधिक वर्षें रशियनांना माहिती विकीत होता. खात्यांत फितूर कोण आहे याचा शोध घेण्याचें काम एका वेळीं त्याच्यावरच सोंपविण्यांत आलें होतें. १८ फेब्रुवारी २००१ रोजीं त्याला अटक झाली. रेड्लनें वारशाची गोष्ट सांगितली, एम्सनें सासुरवाडीची. ऐंशीं वर्षांत बदल झाला तो एवढाच.

यावर कोणी म्हणेल कीं, मग कोणावरच विश्वास ठेवूं नये. तोही मार्ग जगानें चोखाळून पाहिला आहे. फिल्बीनें ज्याचा विश्वासघात केला होता तो सी. आय. ए. मधील जेम्स अँगल्टन हा पुढें सर्वत्र फितूरच पाहूं लागला. निरपराध अधिकाऱ्यांचीं आयुष्यें बरबाद झालीं, खऱ्या बातम्या खोट्या ठरल्या आणि खात्याचें काम अडून बसलें. शेवटीं १९७४ च्या डिसेंबरांत त्याला जावें लागलें. कुंपण शेत खातें म्हणून तें जाळून टाकलें, तर गुरांना रान मोकळें होतें.

पाण्यांत फिरणारा मासा पाणी केव्हां पितो तें कळत नाहीं, तसें अधिकारी सरकारी द्रव्य केव्हां खातात तें ओळखणें कठीण, अशा अर्थाचें कौटिल्याचें एक वचन आहे. पण तो तेथेंच थांबला नाहीं. कामावर एकापेक्षां अधिक माणसें असावीं, हिशेब ठरल्या वेळीं तपासले जावे, एका हेराची बातमी दुसऱ्या हेराच्या बातमीशीं ताडून पाहावी आणि त्यांची आपसांत ओळख नसावी, अशा व्यवस्था त्यानें घालून दिल्या. या व्यवस्थेंत कोणा एकाचा अपमान नाहीं, कारण ती सर्वांना सारखी लागू असते. व्हिएन्नांत ती सर्वांना होती, रेड्लला नव्हती. जो मनुष्य प्रश्न विचारण्यांत प्रवीण म्हणून नांवाजला, त्याला दहा वर्षांत कोणी एकदांही साधा प्रश्न विचारला नाहीं : कर्नलसाहेब, ही मोटार कोणत्या पैशांतून आली ?

तो प्रश्न कोणी वेळेवर विचारला असता तर कदाचित् राज्याचीं गुपितें वांचलीं असतीं. कदाचित् रेल्वेच्या नोकराचा तो बुद्धिमान मुलगाही वांचला असता. धन्यानें अधूनमधून बांधावरून फेरी मारावी, यांत कुंपणाचा अविश्वास नाहीं. शेताची आणि कुंपणाची, दोघांचीही त्यांत राखण होते.